चेहऱ्याचे भेटकलम

कोकणात आंब्याची कलमे बांधताना ज्यांनी पाहिली असतील, त्यांना ठाऊक आहे की कलम करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत चांगल्या झाडाची काडी कापून आणावयाची, कोयीपासून उगवलेल्या कोवळ्या रोपावर ती पाचरीसारखी बसवावयाची आणि घट्ट बांधून टाकावयाची. ही काडी आपल्या झाडापासून तुटलेली असते. रोपाचा रस वेळेवर तिच्यात चढला तर ती जगली, नाही तर वाळली. दुसरी तऱ्हा जुनी आणि सावकाशीची. तिला भेटकलम म्हणतात. तिथे फांदी आधी तोडतच नाहीत. कुंडीतले रोपच झाडापाशी नेतात, माचावर ठेवतात, रोपाची आणि फांदीची थोडी थोडी साल तासतात आणि दोघांची उघडी अंगे एकमेकांना भिडवून बांधतात. पुढे दोन-तीन महिने त्या फांदीला आईच्या झाडाचा रस मिळत राहतो. सांधा जुळला अशी खात्री झाली, म्हणजे मग हलक्या हाताने काप देत देत फांदी मूळ झाडापासून सोडवतात.

आता तुम्ही म्हणाल, आजचा विषय जळालेल्या चेहऱ्याचा, आणि हे गृहस्थ आंब्याच्या बागेत कुठे शिरले? पण अम्लाने किंवा क्षाराने चेहरा जळलेल्या माणसाला शस्त्रवैद्य पुन्हा पापण्या, नाक, ओठ, हनुवटी कशी देतो, हे समजून घ्यावयाचे तर या दोन कलमांतला फरक मनात पक्का ठेवावा लागतो. तुटलेल्या काडीचे कलम म्हणजे डॉक्टर ज्याला 'ग्राफ्ट' म्हणतात ते. भेटकलम म्हणजे 'फ्लॅप'. पहिल्यात कातडीचा तुकडा अंगापासून पुरता वेगळा करून दुसरीकडे लावतात. दुसऱ्यात कातडी उचलतात, वळवतात, दुसऱ्या जागी शिवतात, पण तिचा देठ तोडत नाहीत. देठातून रक्त वाहत राहते आणि कातडी जिवंत राहते. या विद्येची पुष्कळशी कथा या देठाभोवती फिरते.

पण आधी मुळात घडते काय, ते पाहू. चेहऱ्यावर रसायन पडले असे ऐकले, की आपल्या मनात सूडबुद्धीने फेकलेले तेजाब येते, आणि दुर्दैवाने ते खरेही असते. परंतु तेवढेच नाही. मोटारीच्या बॅटरीतले गंधकाम्ल, सोनाराच्या दुकानातले नत्राम्ल, संडास धुण्याचे अम्ल, तुंबलेली मोरी मोकळी करण्याचा कॉस्टिक सोडा, यांनी कारखान्यांत आणि घरांत माणसे भाजतात. पानाबरोबर खावयाच्या चुन्याची पुडी किंवा नळी पोराच्या हातात दाबली जाऊन फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो, हाही प्रकार आपल्या देशात नेहमीचा आहे.

अम्ल आणि क्षार यांची जाळण्याची रीत निराळी असते. अम्ल कातडीतली प्रथिने गोठवते. लिंबू पिळल्यावर दूध फाटते ना, तसेच काहीसे. त्यामुळे वर एक कडक खपली धरते, आणि ही खपलीच पुष्कळदा अम्लाला आणखी खाली जाण्यास थोडा अडसर करते. क्षाराचे तसे नाही. कॉस्टिक सोडा आणि तेल मिळून साबण होतो, हे आपण शाळेत शिकलो. अंगातली चरबी आणि कॉस्टिक सोडा एकत्र आली तरी तेच होते. ऊती विरघळतात, मऊ होतात आणि क्षार वाट काढीत खोल जात राहतो. आगीचा चटका बसला तर आग बाजूला सारताच चटका थांबतो. रसायनाचे भाजणे मात्र ते अंगावर असेपर्यंत चालूच असते. बाटली फेकणारा पळून गेला तरी काम संपलेले नसते.

म्हणूनच पहिला उपचार इस्पितळात होत नाही, जिथे घटना घडली तिथे होतो. तो उपचार म्हणजे पाणी. तांब्या-दोन तांबे नव्हे, तर नळाखाली, बंबाखाली, बादल्यांमागून बादल्या ओतून, निदान अर्धा तास तरी सतत वाहते स्वच्छ पाणी. क्षार असेल तर त्याहूनही जास्त वेळ. थोडे पाणी टाकले तर गंधकाम्ल उलट तापते. भरपूर टाकले तर ते पातळ होते, धुऊन जाते आणि उष्णताही पाण्याबरोबर निघून जाते. भिजलेले कपडे, दागिने लगेच उतरवावेत. रसायन कोरड्या पुडीचे असेल, चुन्याचे असेल, तर आधी ते फडक्याने किंवा ब्रशाने झटकावे आणि मग पाणी घालावे. डोळा चोळू नये, पापण्या बोटांनी उघड्या धरून धुवावा, आणि डोके असे कलते ठेवावे की एका डोळ्याचे पाणी दुसऱ्यात जाणार नाही. मदत करणाराने आपले हात जपावेत. हळद, तूप, दंतमंजन, शाई यांपैकी काही लावू नये. अम्लावर सोडा आणि क्षारावर लिंबू, असले घरगुती रसायनशास्त्र तर मुळीच करू नये, कारण त्या क्रियेतून आणखी उष्णता निघते. पुढे शस्त्रवैद्याला जे काम दोन वर्षांत दहा शस्त्रक्रिया करून साधत नाही, ते या अर्ध्या तासात शेजाऱ्याच्या बादलीने साधलेले असू शकते. कारण जखम किती खोल जाते, यावर पुढचे सगळे ठरते.

खोलीचे एवढे महत्त्व का? आपली कातडी दोन थरांची. वरचा थर पातळ, खालचा जाड. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी या खालच्या थरात रुतलेल्या असतात, आणि त्यांच्या भिंतींमध्ये वरच्या थराचे जणू बियाणे साठवलेले असते. भाजणे वरवरचे असेल तर हे बियाणे उरते, आणि आठ-पंधरा दिवसांत शेत पुन्हा हिरवे होते. पण खालचा थर पुरता जळला, तर बी उरत नाही. मग जखम भरावयाची ती फक्त कडांकडून, आणि शरीर ती भरताना कडा एकमेकींकडे ओढते. या ओढण्यातून जो वण होतो तो कठीण, उंचवट्याचा आणि आखडलेला असतो.

पाठीवर असा वण झाला तर तो सदऱ्याखाली झाकला जाईल. चेहऱ्याचे तसे नाही. चेहऱ्यावर जागोजाग मोकळ्या कडा आहेत. पापण्यांच्या, ओठांच्या, नाकपुड्यांच्या. त्यांना धरून ठेवणारे काही नसते, म्हणून वण ओढील तिकडे त्या जातात. खालची पापणी गालाकडे उलटते. डोळा झोपेतही मिटत नाही. उघडे बुबुळ कोरडे पडते, त्यावर फूल पडते आणि रसायनाने न गेलेली दृष्टी या कोरडेपणाने जाते. तोंडाचे कोपरे आवळून येतात आणि चमचा आत जाईनासा होतो. हनुवटी छातीकडे ओढली जाते, मान वर करता येत नाही. तेव्हा ही शस्त्रक्रिया रूपासाठी आहे, नटवेपणासाठी आहे, हा समज प्रथम सोडून द्यावयास हवा. डोळा मिटणे, घास खाणे, मान वळवणे, स्पष्ट बोलणे यांसाठी ती आहे. रूपाचा विचार त्यामागून येतो, आणि तोही आला पाहिजे, कारण माणूस चेहऱ्यानेच जगाला सामोरा जातो.

'प्लास्टिक सर्जरी' या नावानेही पुष्कळांची फसगत होते. यात प्लास्टिकच्या बादलीतले प्लास्टिक काही नसते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणे, मातीला आकार देणे असा आहे, आणि शस्त्रक्रियेच्या संदर्भात तो शब्द रूढ झाला तेव्हा बादलीच्या प्लास्टिकचा जन्मही झालेला नव्हता.

आता पुन्हा कलमांकडे वळू. पहिले तुटलेल्या काडीचे. मांडीवरून कातडीचा अगदी पातळ पापुद्रा काढतात आणि स्वच्छ केलेल्या जखमेवर पसरतात. मांडीवर केसांची मुळे शिल्लक राहिल्यामुळे ती जागा साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरून येते. इकडे चेहऱ्यावरचा पापुद्रा पहिले दोन दिवस नुसत्या पाझरावर तग धरतो. पुढे खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्याशी जुळतात आणि तो गुलाबी होतो. म्हणजे खाली रक्ताने ओलसर अशी जमीन पाहिजे. उघड्या हाडावर, कूर्चेवर हा पापुद्रा धरत नाही. शिवाय पातळ पापुद्रा पुढे आकसतो आणि त्याचा रंग बहुधा भोवतीच्या कातडीहून काळसर होतो. तरी त्याला कमी लेखू नये. जीव वाचवताना, मोठी जखम झाकताना तोच कामाला येतो, आणि वरच्या पापणीसाठी तर असलाच पातळ पापुद्रा बरा, कारण ती सतत मिटायची-उघडायची असते. खालच्या पापणीसाठी मात्र कानामागची किंवा गळपट्टीच्या हाडावरची पूर्ण जाडीची कातडी घेतात. ती कमी आकसते आणि रंगानेही चेहऱ्याशी जवळची असते.

परंतु जिथे खाली हाड उघडे आहे, जिथे नाकासारखा उभा आकार घडवावयाचा आहे, जिथे मऊ आणि न आकसणारी कातडी हवी आहे, तिथे भेटकलमाशिवाय गत्यंतर नाही. आणि या बाबतीत सांगावयाची गोष्ट अशी, की हे भेटकलम जगाने आपल्याकडून घेतले. सुश्रुतसंहितेत तुटलेल्या नाकाची दुरुस्ती सांगितली आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची कातडी उचलावी, ती जोडलेली ठेवूनच नाकाच्या जागी बसवावी आणि श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात, असा तो विधी आहे.

पुस्तकात लिहिलेले आणि प्रत्यक्ष हातात उरलेले यांत अंतर पडते. म्हणून पुण्याजवळची एक हकीगत महत्त्वाची. १७९२ च्या टिपूवरील युद्धात इंग्रज फौजेकडे बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. इंग्रजी वृत्तात त्याचे नाव 'कावसजी' असे दिले आहे. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले, आणि मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज वैद्यांनी ते डोळ्यांनी पाहिले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन' मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकीगत छापून आली.

ती वाचताना आजही कौतुक वाटते. त्या कारागिराने मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करून पाहिले. तो पत्रा उलगडून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ मारली. तेवढी कपाळाची कातडी त्याने सोडवली, पण दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक देठ राखला. मग देठाला पीळ देऊन कातडी खाली वळवली आणि जुन्या नाकाची कड ताजी करून तिथे बसवली. टाक्यांऐवजी कात पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर लावला आणि त्या पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती घातल्या. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, सांधा पुरता जुळल्यावर, तो देठ कापला. विटा पाडणाऱ्या त्या माणसाला रक्ताभिसरणाचे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. पण देठ आधी कापला तर नाक मरते, एवढे त्याच्या हाताला माहीत होते. त्याचे नाव वृत्तात नाही, ही खेदाची गोष्ट.

ही हकीगत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. तिथून ही 'हिंदी रीत' युरोपभर गेली. आजही कपाळावरून नाक करताना भुवईजवळच्या धमनीवर देठ राखतात आणि तो बहुधा तीन आठवड्यांनी कापतात. भूल आली, जंतुनाशके आली, टाके आले. मुदत मात्र जवळजवळ तीच राहिली, कारण नव्या जागेशी रक्ताची ओळख व्हावयास तेवढे दिवस लागतातच.

पुढची मोठी पायरी पहिल्या महायुद्धात चढली गेली. १९१६ च्या जटलंडच्या आरमारी लढाईत एका खलाशाचा चेहरा जळाला होता. १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये सिडकप येथील इस्पितळात हॅरल्ड गिलीज हे शस्त्रवैद्य त्याच्या छातीची कातडी चेहऱ्याकडे वळवीत होते. देठाच्या लांब पट्ट्या कडांनी आत वळू लागल्या. गिलीज यांना सुचले, की या कडा एकमेकींना शिवून नळीच का करू नये? नळी झाली म्हणजे आतली उघडी बाजू झाकली जाते, पू धरत नाही आणि रक्तही नीट वाहते. ओडेसामध्ये फिलातोव्ह यांनाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हीच युक्ती सुचली होती. पेनिसिलीन अजून जन्मावयाचे होते, अशा काळात या नळीने पुष्कळांचे चेहरे सावरले. पोटाची कातडीसुद्धा नळी करून, आधी मनगटाला जोडून आणि मग हात चेहऱ्याशी बांधून, टप्प्याटप्प्याने वर नेता येई. रुग्ण महिनोन्‌महिने सोंडेसारखी नळी घेऊन वावरत.

मग आता ती नळी का दिसत नाही? कारण १९६० नंतरच्या वर्षांत देठालाच नवा अर्थ आला. कातडीच्या कुठल्या तुकड्याला कोणती धमनी रक्त पुरवते याचे नकाशे तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली शिवण्याची कला साध्य झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या शस्त्रवैद्यांनी कातडीचा तुकडा त्याच्या धमनी-शिरेसह अंगापासून पूर्ण सोडवला आणि दूरच्या जागच्या धमनी-शिरेला तिथल्या तिथे शिवून दाखवला. या वाहिन्यांची रुंदी एक ते तीन मिलिमीटर, आणि शिवण्याचा धागा केसाहून बारीक. म्हणजे इथे देठ कापतात खरा, पण लगेच दुसऱ्या नळाला जोडतात. मनगटाजवळची किंवा मांडीची कातडी आज अशी थेट मानेवर वा गालावर येते.

अशा शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस मोठे कसोटीचे. परिचारिका तासातासाला येऊन त्या कातडीकडे पाहते. ती उबदार आहे ना? बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन-तीन सेकंदांत पुन्हा भरतो ना? कातडी फिकट, थंड झाली तर रक्त येत नाही असे समजावे. निळी-जांभळी होऊन फुगली तर आलेले रक्त परत जात नाही असे समजावे. दोन्हींत रुग्णाला तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. वेळेत गुठळी काढली तर तुकडा वाचतो, उशीर झाला तर सगळे मुसळ केरात. यंत्रे कितीही आली तरी या पाहण्यावर अजून पुष्कळ अवलंबून आहे.

दुसरी एक युक्ती तर घरगुती म्हणावी इतकी साधी. गरोदर बाईच्या पोटाची कातडी महिन्यामहिन्याने वाढते, फाटत नाही. मग चेहऱ्याजवळची चांगली कातडी तशी वाढवता येणार नाही का? शस्त्रवैद्य गालाच्या, मानेच्या किंवा डोक्याच्या चांगल्या कातडीखाली सिलिकोनचा रिकामा फुगा ठेवतो. दर आठवड्याला सुईने त्यात थोडे सलाइन भरतात. दोन-तीन महिन्यांत वरची कातडी वाढते. मग फुगा काढून ही जास्तीची कातडी शेजारच्या वणाच्या जागी सरकवतात. तिचा रंग, पोत, केस सगळे शेजारचेच, म्हणून ती तिथे शोभते. मांडीची कातडी कितीही जिवंत राहिली तरी गालावर ती मांडीचीच दिसते, जाड आणि परक्या रंगाची, आणि पुढे एक-दोनदा ती पातळ करावी लागते.

रुग्णाला आणि घरच्यांना सर्वांत जड जाते ते थांबणे. जखमा भरल्या, की आता चेहरा करून टाका, अशी घाई होते. पण ताजा वण लाल, कठीण आणि ओढत राहणारा असतो. तो निवावयास वर्ष-दीड वर्षही लागते. तोवर दाबाचे मुखवटे, सिलिकोनच्या पट्ट्या, मालिश आणि तोंड-मानेचे व्यायाम चालू ठेवावे लागतात. मात्र काही कामांना थांबून चालत नाही. डोळा मिटत नसेल तर पापणी आधी. तोंड उघडत नसेल तर ते आधी. आणि मान आखडली असेल तर तिचाही नंबर पहिल्यात लागतो. कारण मान मागे होत नसेल तर भूल देताना श्वासनळीत नळी घालणे अवघड होते आणि पुढच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत धोका राहतो. नाक, भुवया, कान यांची पाळी मागून येते. भुवईसाठी कानशिलावरच्या धमनीसह डोक्याची केसाळ पट्टी आणता येते. अर्थात ती डोक्याचीच असल्यामुळे केस वाढत राहतात आणि अधूनमधून कात्री लावावी लागते.

शिवण कुठे यावी, यालाही शास्त्र आहे. आपल्या नजरेला चेहरा विभागांनी दिसतो. कपाळ, नाक, गाल, ओठ, हनुवटी. दोन विभागांच्या सीमेवरची रेघ नजरेत भरत नाही, मध्यावरची लगेच भरते. म्हणून कुशल शस्त्रवैद्य कधी कधी थोडी चांगली कातडीही काढून टाकतो आणि विभाग सबंध बदलतो. ठिगळ नेहमी काठाला काठ लावून द्यावे, हे आपल्या घरच्या बायांनाही ठाऊक असते.

इतके करूनही पूर्वीचा चेहरा परत येतो का? नाही, आणि हे स्पष्ट सांगणेच रुग्णाच्या हिताचे. कातडी देता येते, पण हसताना गालात उमटणारी बारीक हालचाल कातडीच्या खालच्या नाजूक स्नायूंची असते. खोल जळण्यात ते गेले तर तंतोतंत परत करता येत नाहीत. मृत व्यक्तीचा चेहरा बसवण्याचा मार्ग २००५ साली फ्रान्समध्ये प्रथम अंशतः उघडला. २०१३ साली अमेरिकेत बोस्टनमध्ये क्षाराने जळालेल्या एका स्त्रीला असा चेहरा मिळाला, पण काही वर्षांनी शरीराने तो नाकारला आणि २०२० मध्ये दुसरा बसवावा लागला. जन्मभर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात, ती निराळीच. तेव्हा बहुतेकांसाठी आपल्याच अंगाच्या कातडीचा, आपल्याच रक्तावरचा फ्लॅप हाच मार्ग राहतो.

आपल्या महाराष्ट्रात ही विद्या परकी राहिलेली नाही. डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडमध्ये शिकून आले. त्यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याला कुष्ठरोग्यांची बसलेली नाके आणि वाकडे हात दुरुस्त करण्यास हात घातला आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शास्त्राचा विभाग नावारूपास आणला. ज्यांना समाज शिवत नव्हता, त्यांच्यापासून त्यांनी सुरुवात केली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खर्चाविषयीही दोन शब्द सांगावयास हवेत, कारण पुष्कळ कुटुंबे खर्चाच्या धास्तीने पहिल्या शस्त्रक्रियेनंतर घरी परततात. २०१३ साली अम्लहल्ला हा कायद्यात स्वतंत्र गुन्हा झाला. भारतीय न्याय संहितेत आज तो १२४ व्या कलमात आहे, आणि गंभीर इजेसाठी निदान दहा वर्षांची शिक्षा आहे. हल्ल्यात सापडलेल्या व्यक्तीवर सरकारी आणि खाजगी, दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांनी ताबडतोब मोफत उपचार केलेच पाहिजेत, असे कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निदान तीन लाख रुपये भरपाई ठरवून दिली आणि अम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. घेणाऱ्याची ओळख आणि नोंद ठेवल्याशिवाय ते विकता येत नाही. महाराष्ट्रात 'मनोधैर्य' योजना त्याच वर्षी सुरू झाली. २०१६ च्या कायद्याने अशा व्यक्तींना दिव्यांग म्हणून हक्क मिळाले. चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी. ही माहिती आपल्याला लागू नये, पण असावी.

एक गोष्ट मात्र शस्त्रवैद्याच्या हातात नाही. सिडकपला इस्पितळाच्या रस्त्यावर काही बाकांना निळा रंग दिला होता, असे सांगतात. तिथे चेहरा बिघडलेला शिपाई बसलेला असेल, हे गावकऱ्यांना आधी कळावे आणि त्यांनी दचकू नये, म्हणून. दुसऱ्या महायुद्धात गिलीज यांचेच नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो ईस्ट ग्रिन्स्टेड या लहान गावी जळालेल्या वैमानिकांवर उपचार करीत होते. त्यांनी बाक रंगवले नाहीत. गावातल्या लोकांनाच सांगितले, की या मुलांना घरी चहाला बोलवा, दारूच्या गुत्त्यात, नाचाच्या जागी त्यांच्याशी इतरांसारखेच वागा. उपचार पुरे होण्याआधीच ते वैमानिक बाहेर हिंडूफिरू लागले. १९४१ साली त्यांनी आपला एक क्लबही काढला आणि चेष्टेने त्याला 'गिनीपिग क्लब' असे नाव दिले. रोखून न पाहणारे गाव, अशी त्या गावाची ख्याती झाली.

दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये सहा-सहा महिने जातात. त्या काळात ती मुलगी, तो कामगार आपल्याच गल्लीत, आपल्याच बसमध्ये असतो. त्यांच्याकडे टक लावून पाहू नये, आणि मान वळवून पाहण्याचे टाळूही नये. इतर कोणाशी बोलतो तसे डोळ्यांकडे पाहून बोलावे. 'काय झाले हो?' हा प्रश्न त्यांनी दिवसातून दहादा ऐकलेला असतो. त्याऐवजी कामाचे, परीक्षेचे, भाजीच्या भावाचे काहीही विचारावे. दुकानात, कचेरीत, शाळेत जागा असेल तर द्यावी. बसमध्ये शेजारची जागा मोकळी असेल, तर तिथे बसावे.